अकरा अंगठ्या की अडतीस हजार गुण? सर्वांत मोठा सेंटर कोण

पोस्टमास्तर

आठवीत बास्केटबॉलच्या संघात मला सेंटर केलं ते एकाच कारणासाठी, वर्गातला सगळ्यात लंबू मी होतो. सरांनी सांगितलं, बोर्डाखाली उभा राहा आणि आत कोणाला शिरू देऊ नकोस. एका सामन्यात समोरच्या पोराचा लेअप (रिंगजवळून टाकायचा फटका) मी असा काही हाणला की चेंडू कंपाउंडवरून थेट पलीकडच्या गॅरेजात. आमची पोरं नाचायला लागली. सर मात्र कपाळाला हात लावून. "अरे शहाण्या, आता चेंडू कोणाचा?" चेंडू अर्थातच त्यांचाच. त्यांनी तो बाहेरून आत टाकला आणि निवांत दोन गुण घेतले.

सर काय म्हणत होते ते पुढे बिल रसेलचे जुने तुकडे बघताना कळलं. रसेल चेंडू भिरकावत नसे. तो नुसता टोलवायचा, आपल्याच कोणाच्या तरी हातात जाईल असा, आणि तिथूनच एनबीए या अमेरिकी लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सचा फास्ट ब्रेक, म्हणजे समोरचे सावरायच्या आत पळत केलेला हल्ला, सुटायचा. म्हणजे एकाच हालचालीत समोरच्याचे दोन गेले आणि आपले दोन आले.

१९५६ च्या डिसेंबरात मेलबर्नचं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन तो बॉस्टनला आला. त्याआधी सेल्टिक्सकडे बॉब कूझीसारखा जादूगार होता, विजेतेपद एकही नव्हतं. रसेलच्या १३ हंगामांत ११ आली. शेवटची दोन तर तो स्वतःच खेळाडू आणि स्वतःच कोच असताना. १९६९ ला तो निवृत्त झाला आणि पुढच्या हंगामात सेल्टिक्सने ८२ पैकी ३४ सामने जिंकले, प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) नाहीच.

गुण त्याच्यापेक्षा जास्त करणारे ढिगाने आहेत, मान्य. पण सेंटर आपली रिंग राखायला असतो, बाकीचं वरकमाई. माझा क्रम: रसेल, करीम, विल्ट, हकीम, शाक (शकील ओ'नील). या, हाणा.

हुकमी_हुक

हाणतोच. सरांची गोष्ट झकास आहे, पण विजेतेपदाच्या अंगठ्या संघाला मिळतात हो मास्तर. रसेल आला तेव्हा लीगमध्ये संघ किती? आठ. सोबत कूझी, हाइनसन, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, नंतर हॅवलिचेक. एवढी वरात बरोबर असल्यावर नवरदेवाचं कौतुक जरा बेतानेच करावं.

आता करीम अब्दुल-जब्बार. मिलवॉकी बक्स हा नवा कोरा संघ, पहिल्या हंगामात ८२ पैकी २७ विजय. करीम आला (तेव्हा ल्यू अल्सिंडर) आणि ५६. त्याच्या दुसऱ्या हंगामात, १९७१ ला, विजेतेपद. वीस हंगाम, सहा विजेतेपदं, सहा वेळा एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू), आणि एमव्हीपीचा हा सहाचा आकडा आजही कोणी गाठलेला नाही. ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडायला लेब्रॉनला फेब्रुवारी २०२३ उजाडावा लागला.

आणि तो स्काय हुक! बचाव करणारा आणि चेंडू यांच्यामध्ये करीमचं अख्खं शरीर आडवं. डावा खांदा समोरच्याच्या छातीकडे, उजवा हात कानाजवळून सरळ आभाळात, शेवटी मनगटाची एक झटक. सात फूट दोन इंचाच्या माणसाच्या हाताचं ते टोक, तिथे पोचणार कोण? १९७४ च्या सात सामन्यांच्या फायनलचा सहावा सामना, बॉस्टनमध्ये, दुसरा ओव्हरटाइम, बक्स एका गुणाने मागे. सगळ्या स्टेडियमला माहीत होतं चेंडू कोणाकडे जाणार आणि तो काय करणार. तीन सेकंद बाकी असताना कोपऱ्याकडून हुक, १०२-१०१.

रसेलची नेमबाजी ४४ टक्के. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) ५६ टक्के. वरकमाई म्हणून सोडून द्यायची ठरवली तरी इतकी कमी?

पोस्टमास्तर

त्या १९७४ च्या फायनलचा सातवा सामना कोणी जिंकला ते लिहायचं राहिलं का? :) बॉस्टनने. रसेल सातव्या सामन्यात कधीच हरला नाही, दहापैकी दहा.

आठ संघांचं म्हणाल तर ते सोपं कसं? उलट गर्दी कमी म्हणून एका हंगामात विल्ट चेंबरलेन दहा-दहा वेळा समोर यायचा. आणि करीमला १९७६ चा एमव्हीपी मिळाला त्या वर्षी त्याचा नवा संघ, लॉस एंजेलिस लेकर्स, प्लेऑफलासुद्धा नव्हता. १९७९ ला मॅजिक जॉन्सन आला तेव्हा कुठे लेकर्सकडून अंगठ्या सुरू झाल्या. वरात करीमलाही लागलीच की.

एक मुद्दा आकडेवाल्यांसाठी. ब्लॉक (अडवलेले फटके) अधिकृतपणे मोजायला लागले १९७३-७४ पासून. रसेल तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ज्या कामात तो सर्वांत मोठा, त्याचा रकानाच कोरा आहे. उरलेल्या रकान्यांवरून त्याला मार्क द्यायचे, हा कुठला न्याय?

कबड्डीच_बरी

एवढ्या उंच लोकांचा खेळ आहे तर रिंगच दोन फूट वर न्या ना. भांडण संपलं.

हर्शीवाला

@कबड्डीच_बरी, थट्टेत लिहिलंत, पण हे खरंच करून पाहिलंय. १९५४ मध्ये मिनियापोलिस लेकर्सच्या एका सामन्यात रिंग दहाऐवजी बारा फुटांवर लावली होती. त्यांचा सेंटर जॉर्ज मायकन याला आवरायचं होतं. झालं भलतंच. सगळ्यांचेच नेम चुकायला लागले आणि चुकलेला चेंडू पकडायला पुन्हा उंच माणूसच पुढे. प्रयोग गुंडाळला.

मायकनचं नाव आतापर्यंत कोणी घेतलं नाही याचं नवल वाटतं. जाड भिंगांचा चष्मा, ९९ नंबर, आणि त्याच्यापायी १९५१ ला बोर्डाखालचा पट्टा, जिथे हल्ला करणाऱ्याला फार वेळ थांबता येत नाही तो, सहा फुटांचा बारा केला. पुढे विल्टपायी १९६४ ला बाराचा सोळा. कॉलेजच्या खेळात तर १९६७ ला डंकवरच (चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्यावर) बंदी आली, ती करीम यूसीएलए या विद्यापीठात असताना, आणि जवळजवळ दहा वर्षं टिकली. माझ्या मते मोठेपणाचं माप हेच, तुमच्यासाठी नियम बदलावा लागला का? रसेलसाठी काय बदललं?

आणि विल्ट तिसरा?? १९६१-६२ ला सरासरी ५०.४ गुण. २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया, चॉकलेटचं गाव. न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण. चार हजारांच्या आसपास प्रेक्षक, चित्रफीत नाही. त्या रात्री ३२ पैकी २८ फ्री थ्रो आत, एरवी त्यात कच्च्या असलेल्या विल्टचे! कारण त्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून, बादली उचलल्यासारखा टाकायचा. नंतर लाजेपोटी सोडलं. बायकी दिसतं म्हणे. आत्मचरित्रात त्याने स्वतःच कबूल केलंय की ती चूक झाली.

रसेलवाले विसरतात म्हणून, एका सामन्यात ५५ रिबाउंडचा (चुकलेला चेंडू पकडण्याचा) विक्रम विल्टने कोणासमोर केला? रसेलसमोर, नोव्हेंबर १९६०.

पोस्टमास्तर

आणि तो सामना जिंकला बॉस्टनने. प्लेऑफमध्ये दोघांची गाठ आठ वेळा पडली. रसेल सात, विल्ट एक (१९६७).

हर्शीवाला

त्या सातांतली १९६९ ची काढतोच आता. सातवा सामना, लॉस एंजेलिस, ५ मे. लेकर्सच्या मालकाने विजयाच्या खात्रीने छताला फुगे टांगून ठेवलेले. चौथ्या क्वार्टरमध्ये विल्टचा गुडघा दुखावला, तो बाहेर गेला. लेकर्स एका गुणापर्यंत आले. विल्ट बेंचवरून सांगतोय मला आत घ्या, आणि कोच व्हान ब्रेडा कॉल्फ म्हणतोय गरज नाही! डॉन नेल्सनचा फटका रिंगच्या मागच्या कडेवर आपटून सरळ वर उडाला आणि आत पडला. १०८-१०६. फुगे छतालाच. विल्टचे १८ गुण, २७ रिबाउंड. रसेलचे ६ गुण. हा पराभव विल्टच्या खात्यावर कसा लिहिता?

पोस्टमास्तर

रसेलचे २१ रिबाउंडही लिहा. आणि समोरचा कोच विल्टला आत घेत नव्हता, तेव्हा सेल्टिक्सचा कोच कोण होता? पस्तिशीतला रसेल, घामाने निथळत, कोर्टावरच. हंगामात चौथ्या नंबरवर राहिलेला संघ घेऊन.

पण एक कबूल करतो. त्यानंतर रसेलने जाहीरपणे विल्टवर टीका केली, एवढ्या-तेवढ्याने बाहेर बसला अशा अर्थाची. थँक्सगिव्हिंगला एकमेकांच्या घरी जेवणारे मित्र, पुढे वीसेक वर्षं धड बोलले नाहीत. रसेलने नंतर माफी मागितली. माझा हिरो तिथे चुकला. बोर्डाखाली नाही चुकला.

मुलींची_कॅप्टन

सगळी चर्चा पुरुषांची. लिसा लेस्ली: तीन एमव्हीपी, लॉस एंजेलिस स्पार्क्ससाठी दोन विजेतेपदं, चार ऑलिंपिक सुवर्णं, आणि २००२ मध्ये डब्ल्यूएनबीएतला, म्हणजे महिलांच्या लीगमधला, पहिला डंक. शीर्षकात "पुरुषांमधला" लिहा, नाहीतर तिला यादीत घ्या.

जाता जाता, मायकन ड्रिल आम्ही रोज करायचो आणि मायकन कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रिंगखाली उभं राहायचं, उजव्या हाताने बोर्डावर, चेंडू खाली न पडू देता धरायचा, पाय बदलून डाव्या हाताने. वीस झाले की खांदे भरून यायचे. चेंडू हनुवटीच्या खाली आणला की मॅडम मागून टप्पकन काढून घ्यायच्या.

हुकमी_हुक

@मुलींची_कॅप्टन, करीमसुद्धा लहानपणी तेच ड्रिल करून हुक शिकला. रसेलवाल्यांनी नोंद घ्यावी.

अंगठ्यांवरून परत येतो. १९८५ ची फायनल. पहिल्या सामन्यात बॉस्टनने लेकर्सला १४८-११४ धुतलं. करीम १२ गुण, ३ रिबाउंड. वय ३८, लोक म्हणाले संपला. दुसऱ्या सामन्यात ३० गुण, १७ रिबाउंड. लेकर्स सहा सामन्यांत जिंकले, फायनलचा एमव्हीपी करीम. मॅजिकने ओढत नेलं म्हणणाऱ्यांनी ही फायनल बघावी. रसेल पस्तिशीत घरी बसला होता.

लागोस_लोकल

हकीम ओलाजुवान चौथा बघून लॉगिन करावं लागलं. लागोसमध्ये हँडबॉल आणि फुटबॉल खेळलेला पोरगा, गोलकीपर. बास्केटबॉल हातात घेतला तेव्हा मिसरूड फुटलेलं. पण पायांत फुटबॉल होता, आणि तेच त्याचं गुपित. एक खांदा दाखवायचा, समोरचा तिकडे गेला की उलट गिरकी, तो परत आला की पुन्हा आत. १९९५ ला डेव्हिड रॉबिन्सनला हंगामाचा एमव्हीपी मिळाला आणि प्लेऑफमध्ये हकीमने त्याच रॉबिन्सनसमोर सहा सामन्यांत सरासरी ३५ च्या वर गुण केले. मग फायनलला तरण्याबांड शाकला ४-०. ह्यूस्टन रॉकेट्स त्या वर्षी विभागात सहाव्या क्रमांकावरून आले होते.

मास्तर, तुमचाच निकष लावा. रिंग राखणारा? ३,८३० ब्लॉक, मोजायला लागल्यापासून सर्वांत जास्त. १९९३-९४ ला एकाच हंगामात एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि फायनल एमव्हीपी. शिवाय फ्री थ्रो ७१ टक्के. शेवटच्या मिनिटाला त्याला लपवावं लागत नव्हतं. शाकला मुद्दाम फाउल करून लाइनवर उभं करायचे, तसं हकीमचं कोणी केलं नाही.

पंधरा_नंबर

काका लोक, निकोला योकिच विसरलात. संघ नवे खेळाडू निवडतात त्यात ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. तीन एमव्हीपी. २०२३ च्या प्लेऑफमध्ये गुण, रिबाउंड आणि असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) तिन्हींत एकूण पहिला, असं आधी कोणालाच जमलं नव्हतं. तेही कागदभर उडी न मारता.

पोस्टमास्तर

विसरलो नाही, अजून खेळतोय म्हणून थांबलोय. पण एवढं सांगतो, योकिचचे पास बघून मला आर्विदास साबोनिस आठवतो. १९८८ च्या सोलमध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेला उपांत्य फेरीत ८२-७६ हरवलं, त्या संघाचा सेंटर. पोर्टलँडला आला तो तिशी गाठून, टाचेची शीर तुटून गेल्यावर, १९९५ मध्ये. उत्तम वर्षं युरोपातच सरली. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये पेसर्स आणि किंग्ज खेळले तेव्हा पेसर्सकडे त्याचा मुलगा डोमांतास होता. मुंबईत जन्मलेल्या मालकाचा, रणदिवेंचा, किंग्ज संघ बघायला लोक आलेले, मी बापाचे पास मुलात शोधत बसलो.

@मुलींची_कॅप्टन, बरोबर, चूक माझी. यादी पुरुषांची समजावी. लेस्लीचा धागा तुम्ही काढा, मी येतो.

@लागोस_लोकल, तुमच्या ब्लॉकच्या मुद्द्यावर काल रात्री बराच वेळ घालवला. निकष माझाच असेल तर हकीम चौथा बसत नाही, खरं आहे. सुधारित क्रम: रसेल, करीम, हकीम, विल्ट, शाक.

हुकमी_हुक

वा. आता फक्त पहिले दोन उलटे करा.

हर्शीवाला

थांबा थांबा. तिसऱ्यावर भांडायला आलो होतो आणि विल्ट चौथा झाला?

लागोस_लोकल

@हर्शीवाला, हकीमसाठी नियम कोणता बदलला, असं विचारू नका फक्त. बाकी बोला.