कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं गाव जुन्या टोपोशीटवर कसं शोधायचं?

कांदाटीची नात
नमस्कार मंडळी. माझ्या आजीचं माहेर कांदाटी खोऱ्यात, तापोळ्याच्या पलीकडे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव उठलं. काही घरं रायगडात गेली, काही तिथेच वर माळावर सरकली. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. भैरोबाचं देऊळ, त्यासमोरची दीपमाळ, ओढ्याकाठचं भाताचं खाचर, सगळं तिला आठवतं. पण आजच्या नकाशात तिथे नुसतं निळं पाणी. धरणाआधीचे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे आहेत असं ऐकलंय. कुठल्या नंबरचं शीट बघू? देवळाची जागा फोनवर लावता येईल का? उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिला लाँचने तिथवर न्यायचंय.

घाटवाटा
सर्वात सोपं म्हणजे अमेरिकन लष्कराची यू 502 मालिका. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती स्कॅन करून फुकट ठेवली आहे. नकाशे 1950च्या दशकातले, त्यामुळे खोऱ्यात अजून नदीच दिसते. पण प्रमाण 1:2,50,000. खोऱ्याचा अंदाज येईल, देऊळ नाही. आम्ही हातलोट घाटाची जुनी वाट हुडकताना तोच वापरला होता.

निवृत्त भूकरमापक
ताई, तुमचं काम इंची शीटवर होईल. एक इंचाला एक मैल, म्हणजे 1:63,360. मोठ्या चौकोनाचा नंबर 47 जी. त्यात पंधरा-पंधरा मिनिटांची, म्हणजे पाव-पाव अंशाची, सोळा शीटं असतात. तुम्हाला 9, 10, 13 आणि 14 ही चारही लागतील, कारण त्यांचा कोपरा तापोळा-बामणोलीच्या आसपासच येतो. एकच शीट घेऊन बसलात तर गाव हमखास कडेला कापलं जातं. पुण्या-साताऱ्याच्या जुन्या कॉलेजांत भूगोल विभागाच्या कपाटात अशी शीटं असतात, प्रात्यक्षिकासाठी घेतलेली. तिथे विचारा. छापल्याचं साल बघून फसू नका, समासात सर्वेक्षण कोणत्या साली झालं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात ती 1:50,000ची नवी शीटं. त्यांत जलाशय आलेला आहे, पण तीही उतरवून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. शीट हातात आलं की गावाचं नाव शोधत बसू नका. नावं इंग्रजीत, साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. आधी पाण्याची कड काढा. कोयना पूर्ण भरते तेव्हा पातळी साधारण 2163 फूट असते. इंची शीटवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) बहुधा दर 50 फुटांवर आणि दर 250 फुटांना जाड असते (तळाशी खात्री करून घ्या). 2250ची जाड रेषा धरा, तिथून दोन रेषा खाली उतरा. ती 2150. तिच्यावरून निळी पेन्सिल फिरवा, ट्रेसिंग पेपर ठेवून, मूळ शीटवर नको. कोयना, सोळशी, कांदाटी तिन्ही खोऱ्यांत पेन्सिल शिरत जाते आणि धरणाच्या आधी छापलेल्या कागदावर शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, उभा राहतो. मी हे नातवंडांना करून दाखवलंय, त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्या रेषेच्या आत जी लाल चौकोनी ठिपक्यांची वस्ती राहील, त्यात तुमचं गाव.

फोनवर लावायचं तर शीटच्या कोपऱ्यातल्या अक्षांश-रेखांशांवर भिस्त ठेवू नका. ही शीटं एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर बेतलेली, फोन डब्ल्यूजीएस 84 या नव्या मापावर चालतो. फरक पडतो. एकोणिसाव्या शतकातला नकाशा असेल तर आणखी घोळ, कारण तेव्हा मद्रास वेधशाळेचं रेखांशच सुमारे अडीच मिनिटांनी जास्त धरलं होतं. आपल्या भागात ते चार किलोमीटरच्या वर जातं. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जुन्या शीटवरच्या न बुडालेल्या जागा आजच्या नकाशाशी जुळवा: मकरंदगड, वासोटा, पर्वतचं देऊळ, चकदेव. डोंगर हललेले नाहीत.

कांदाटीची नात
अण्णा, खूप मोठं काम केलंत. दोन शंका. शीटवर देऊळ दाखवलेलंच नसेल तर? आणि आजी म्हणते देऊळ "ओढ्याच्या डाव्या हाताला". गावात ओढे दोन होते.

निवृत्त भूकरमापक
देऊळ नसेल तर गाव नकाशा काढा. तुमचा भाग पूर्वी जावळी तालुक्यात होता, म्हणून मेढ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयापासून सुरुवात करा. गाव नकाशात उंची नसते, पण गावठाण, ओढे, शिवा आणि सर्व्हे नंबर असतात. 33 फुटी साखळीने मोजलेलं, एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. तो साखळीवाला माणूस प्रत्येक बांधावर उभा राहिलेला असतो, म्हणून मला त्या कागदाबद्दल फार आदर आहे. टोपोशीट डोंगर सांगतं, गाव नकाशा खाचर सांगतो. ओढ्यांचा संगम दोन्हींत असतो, तिथे दोन्ही जुळवा. भूसंपादनाच्या निवाड्याची प्रतही मागा, त्यात घरं आणि झाडं नोंदलेली असतात.

डाव्या हाताचं असं करा. आजीला "डावीकडे" विचारू नका. पाणी भरून घरी येताना देऊळ कुठल्या खांद्याला यायचं ते विचारा, आणि सकाळचं ऊन देवळाच्या दारात पडायचं का पाठीवर, तेही. एवढ्यावर दोनातला एक ओढा सुटतो.

घाटवाटा
अण्णांच्या रेषांचा आणखी एक उपयोग. देऊळ कोणत्या दोन रेषांमध्ये येतं ते लिहून ठेवा. धरणाची रोजची पातळी वर्तमानपत्रात फुटांत येते. देऊळ 2100च्या वर असेल तर मेअखेर मोकळं होण्याची चांगली आशा आहे, त्याच्या बरंच खाली असेल तर कमी पावसाच्या वर्षाची वाट बघावी लागेल. उघडं पडलं तरी काठाला गाळ गुडघाभर असतो, आजींना लाँचमधूनच दाखवा. पलीकडचा बराच भाग अभयारण्यात येतो, बामणोलीच्या वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

कांदाटीची नात
आजीला आत्ताच विचारलं. कळशी डोक्यावर, देऊळ उजव्या खांद्याला, आणि सकाळचं ऊन थेट भैरोबाच्या तोंडावर. शनिवारी कॉलेजात जाऊन शीट बघते, 9 आणि 10 आधी.