व्हर्टस जीटी: २२५/४५ आर१७ घ्या आणि तिथेच थांबा

वरंधा_वळण

फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी किंवा स्कोडाची स्लाव्हिया १.५ घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षातच टायर किती मोठे करावेत हा प्रश्न पडतो. १५० पीएसचं इंजिन, २५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि खाली कंपनीचे २०५/५५ आर१६ (रुंदी २०५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची). घाटात जरा मनापासून चालवली की इंजिन अजून द्यायला तयार असतं, पण पुढचे टायर ओरडायला लागतात. मग आपण दुकानात जातो. तिथे भिंतीवर १८ इंची अलॉय टांगलेले असतात आणि दुकानदार सांगतो, "बसतंय साहेब, काही होत नाही."

माझं मत असं की या गाडीला २२५/४५ आर१७ हाच साइज योग्य आहे आणि त्यापुढे जाऊ नये.

आधी आकडे बघा. कंपनीच्या टायरचा बाहेरचा व्यास ६३१.९ मिमी. २२५/४५ आर१७ चा ६३४.३. फरक अर्धा टक्कासुद्धा नाही, त्यामुळे गिअरिंग, स्पीडोमीटर, एबीएस, सगळं जिथल्या तिथे राहतं. साइडवॉल ११३ मिमीवरून १०१ वर येते. स्टिअरिंग फिरवल्यावर टायरचा लवचिकपणा कमी जाणवतो, गाडी वळणात पटकन बसते. वर २० मिमी रुंदी मिळते ती वेगळीच.

१८ इंचात २२५/४० चा व्यास ६३७.२, म्हणजे तोही गणितात बसतो. पण साइडवॉल उरते फक्त ९० मिमी. पावसाळा संपताना ताम्हिणीत जे खड्डे असतात, त्यांची कडा चाकाला लागते तेव्हा मधे जेवढं रबर आणि हवा असेल तेवढंच संरक्षण.

काहीजण २०५/५० आर१७ सुचवतात. मला तो पटत नाही. साइडवॉल कमी झालीच, रुंदी मात्र तीच राहिली. २१५/५० आर१७ चा व्यास जवळपास अडीच टक्के वाढतो, पिकअपला ते लगेच कळतं.

रिम घेताना ५ x १०० पीसीडी (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), ५७.१ मिमी सेंटर बोअर (मधलं भोक) आणि ७ किंवा ७.५ जे, म्हणजे तेवढे इंच रुंदी. मतं ऐकायची आहेत, विरोधातली आधी.

कोकणवाट

विरोधातलं घ्या. साइज बदलण्याआधी टायर बदलून पाहा.

कंपनी गाडीसोबत जो टायर देते तो अ‍ॅव्हरेज, आयुष्य आणि आवाज या तीन गोष्टी सांभाळून निवडलेला असतो. घाटात ओरडतो तो त्या टायरचा कंपाउंड (रबराचं मिश्रण) आणि त्याची बांधणी. २०५/५५ आर१६ हा जगभर खपणारा साइज आहे, त्यात मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ सुद्धा बनतो. थोडा शोधावा लागेल, मागवावा लागेल, पण चार चांगले टायर घालून एकदा आंबोली चढून बघा. तुम्ही १७ इंचाला जे श्रेय देताय त्यातलं बरंचसं टायरच्या मॉडेलचं निघेल, कारण साइज बदलणारा माणूस त्याच दिवशी टायरही चांगला घेतो आणि फरक मात्र साइजच्या खात्यावर लिहितो.

दुसरं म्हणजे रस्ता. माझी गाडी मुंबई-गोवा महामार्गावर चालते. पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ साली सुरू झालं आणि तेव्हापासून त्या पट्ट्यात डायव्हर्जन, अर्धवट काँक्रीटच्या कडा आणि पुलाच्या जोडांवरचे दणके गाडीवाल्यांच्या नशिबी आले. तिथे ११३ मिमी साइडवॉल मला चैन वाटत नाही, गरज वाटते. बदलायचंच असेल तर २१५/५५ आर१६ घ्या. व्यास पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, गाडी साडेपाच मिमी वर येते, आणि रिमची रुंदी जुळत असेल तर रिमचा खर्च वाचतो.

तिसरं पाऊस. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. जून ते सप्टेंबर आपण ओल्या रस्त्यावर असतो, ते चार महिने कुणी हिशोबातच धरत नाही.

अठराइंची

दोघांनाही मान देऊन सांगतो, तुम्ही १८ ला घाबरवून ठेवलंय.

ऑक्टेव्हिया आरएस २४५ भारतात २०२० मध्ये आली ती २२५/४० आर१८ वरच. कंपनीने दिलेले टायर, आपलेच रस्ते. त्या गाड्या आजही फिरतायत. मग तोच साइज व्हर्टसला घातला की लगेच गुन्हा कसा होतो?

आणि दिसण्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. व्हर्टसची बाजू लांब आणि स्वच्छ आहे, चाकाच्या कमानी मोठ्या आहेत. त्यात १६ इंची चाक हरवल्यासारखं दिसतं. स्वतःच्या कमाईची गाडी पार्किंगमध्ये लावून मागे वळून बघावीशी वाटणं, हे खर्च करायला पुरेसं कारण आहे. ते कारण लपवून 'हँडलिंग'चा आडोसा घ्यायची मला गरज वाटत नाही.

माझं चालवणं पाम बीच रोड, अटल सेतू आणि एक्स्प्रेसवे. फ्लो फॉर्म्ड (साध्या कास्टपेक्षा हलकी) रिम, नामांकित कंपनीचे एक्सएल (जास्त वजन पेलणाऱ्या बांधणीचे) टायर आणि आठवड्याला हवा तपासणं. एवढं करणाऱ्याला १८ इंच खुशाल चालतात.

वरंधा_वळण

दिसण्याचं कारण मला पूर्ण मान्य आहे, त्यावर वाद नाही.

ऑक्टेव्हियाचा दाखला मात्र लागू होत नाही. त्या गाडीचे स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बुश (सांध्यातले रबरी भाग), सगळं १८ इंची चाक धरून जुळवलेलं होतं. आरएसला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र), व्हर्टसला टॉर्शन बीम (दोन्ही चाकं एका तुळईने जोडलेली). व्हर्टसचं सस्पेन्शन चाकणहून बाहेर पडतं ते १६ इंची चाकावर जुळवून. साइडवॉल हासुद्धा सस्पेन्शनचाच एक भाग असतो. त्यातले २३ मिमी काढून घेतले की ते काम शॉक आणि बुशवर पडतं, आणि हे भाग त्या कामासाठी निवडलेले नाहीत.

वजन विसरू नका. मोठं आणि जड चाक म्हणजे स्प्रिंगच्या खालचं वजन. ते खड्ड्यातून वर उसळलं की खाली आणायला शॉकला जास्त झगडावं लागतं. शिवाय ते फिरतं वजन आहे, प्रत्येक सिग्नलला इंजिन ते नव्याने फिरवतं आणि ब्रेक ते नव्याने थांबवतात. फ्लो फॉर्म्ड घेतलीत हे उत्तम. पण बाजारात १८ इंचाच्या नावाखाली बहुतेक लोक साधी कास्ट, जड रिम घेतात. आणि १०० पीसीडीत चांगले पर्याय ११४.३ च्या मानाने कमी मिळतात, म्हणून मिळेल ते उचललं जातं.

रबरवाला

कोल्हापुरात टायरच्या दुकानात काम करतो. इतका वेळ सगळे इंचावर बोलताय, लोड इंडेक्सचं, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याचं, नाव कुणी काढलं नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक इथेच फसतं.

२०५/५५ आर१६ वर ९१ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. २२५/४० आर१८ साध्या बांधणीत घेतला तर त्यावर ८८ येतं, म्हणजे ५६० किलो. टायर रुंद झाला, महाग झाला, पण प्रत्येक चाकाची क्षमता ५५ किलोने उतरली. पाच माणसं, डिकीत सामान आणि मे महिन्यात समृद्धीचं तापलेलं काँक्रीट, मग अशा टायरचा भरवसा कसा धरायचा? १८ घ्यायचाच तर ९२ एक्सएल घ्या, ६३० किलो. २२५/४५ आर१७ मध्ये ९१ मिळतो आणि ९४ एक्सएलही मिळतो. २०५/५० आर१७ साधा असेल तर ८९, तोही नको.

आणखी एक. एक्सएल लिहिलं म्हणून त्याच हवेत तो जास्त वजन घेतो असं नाही. साध्या टायरची पूर्ण क्षमता ३६ पीएसआयला मोजलेली असते, एक्सएलची ४२ ला. म्हणून ९१ च्या जागी ९४ एक्सएल बसवून दाराच्या स्टिकरवरचीच हवा ठेवली तर क्षमता आधीपेक्षा किंचित कमीच भरते. दोन पीएसआय वाढवा. टायर आकसलेला नको, फुललेला पाहिजे.

आता बोल्ट. फोक्सवॅगन, स्कोडाच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोलसर असतं. बाहेरच्या अलॉयला बहुतेक वेळा शंकूच्या आकाराची बैठक असते. गोल बोल्ट शंकूत घातला तर तो कडेला जेमतेम टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चालता चालता ढिला पडतो. अलॉयसोबत त्याच बैठकीचे एम१४ x १.५ बोल्ट मागा, टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटरला आवळा, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. न्यूमॅटिक गनने आवळून कुणी "झालं" म्हणालं तर तिथून हलू नका.

बाहेरच्या रिमचं सेंटर बोअर बहुतेक ७३.१ असतं, गाडीचं ५७.१. मधली जागा भरायला हब रिंग लागते. नसली तर चाक बरोब्बर मध्यावर बसेल याची खात्री नाही. ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करून घेत बसतात.

ऑफसेटचं समजून घ्या. रिमची गाडीला टेकणारी बाजू तिच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे तो हा आकडा, रिमवर ईटी म्हणून लिहितात. समजा रिम एक इंचाने रुंद केली आणि ईटी ४५ वरून ३५ वर आणला. बाहेरची कड १२.७ अधिक १०, जवळपास २३ मिमी बाहेर येते. ती फेंडरला घासणार, चिखल दारावर उडणार, आणि बेअरिंगवर पडणारा भार सरकणार. तुमच्या मूळ रिमच्या आतल्या बाजूला जे आणि ईटी दोन्ही कोरलेले असतात, ते बघून हिशोब करा. आणि २२५ चा टायर साडेसहा जे रिमवर चढवायला सांगू नका. २२५/४५ ला किमान ७ जे लागते. चढतो म्हणजे चालतो असं नाही.

नेकारकाठ

स्टुटगार्टमधून. इथे हा वाद वेगळ्या पद्धतीने मिटतो म्हणून लिहितो.

जर्मनीत बाहेरची रिम घेतली की तिच्याबरोबर कागद येतो. एबीई (सरकारी मंजुरीपत्र) असेल तर त्यात कोणत्या गाडीला, कोणत्या टायर साइजसोबत, कोणत्या अटींवर ही रिम मंजूर आहे ते लिहिलेलं असतं. एबीई नसेल तर ट्यूव्हसारख्या संस्थेकडे जाऊन गाडी तपासून घ्यायची आणि बदल गाडीच्या कागदावर चढवायचा. इन्स्पेक्टर स्टिअरिंग पूर्ण वळवून, सस्पेन्शन दाबून टायर कुठे घासतोय का ते बघतो. नोंद न करता चालवलं तर गाडीची रस्त्यावरची मंजुरीच रद्द होऊ शकते.

या शिस्तीमुळे इथली माणसं १८, १९ इंच निर्धास्त घालतात. म्हणून अठराइंची यांचा मुद्दा मला चूक वाटत नाही. धोका इंचात कमी आणि न तपासता बसवण्यात जास्त आहे. मात्र तुमच्याकडे तो कागद देणारं कुणी नाही, तेव्हा तपासणीची सगळी जबाबदारी मालकावर येते. रिमवर निदान तिची लोड रेटिंग आणि जेडब्ल्यूएल, व्हीआयए ही जपानी दर्जाची चिन्हं आहेत का ते बघा. काहीच कोरलेलं नसेल तर ती रिम घेऊ नका.

व्यासाबद्दलही एक. युरोपच्या नियमाप्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवायचा नाही. म्हणून कंपन्या तो थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. टायरचा व्यास वाढवला की ती फट तुम्ही खाऊन टाकता. कोकणात उंची मिळावी म्हणून २१५/६० आर१६ घालणारे ऐकलेत. तो पाच टक्क्यांनी मोठा आहे.

कलम_बावन्न

थोडक्यात लिहितो. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. नाक्यावरचा पोलीस टायरचा साइज मोजणार नाही हे खरं, पण मोठा अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर तो लिहून घेऊ शकतो. अलॉय आणि टायर बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. वॉरंटीतल्या गाडीला सस्पेन्शनचं काम निघालं तर सर्व्हिस सेंटर बोट चाकांकडेच दाखवेल, तेही धरून चाला.

कोकणवाट

हे वाचल्यावर तर १६ च बरं वाटतं. कंपनीच्या साइजला ना हब रिंग, ना वेगळे बोल्ट, ना विम्याचं पत्र. सगळे पैसे रबरात जातात, आणि रस्त्याला टेकतं ते रबरच.

अठराइंची

लोड इंडेक्सचा मुद्दा पटला. माझ्या टायरवर ९२ एक्सएल आहे, आताच खाली जाऊन बघून आलो. हवा मात्र स्टिकरप्रमाणे होती, ती वाढवतो. १८ सोडणार नाही. पण जो माणूस गावाला जायला याच गाडीवर अवलंबून आहे त्याला मीही १८ सांगणार नाही, एवढं मान्य करतो.

वरंधा_वळण

कोकणवाट, तुमचा टायर आधी बदला हा मुद्दा वजनदार आहे. ज्याचे कंपनीचे टायर अजून झिजायचेत त्याने तोच मार्ग धरावा. तरी कोरड्या घाटात, सारख्याच दर्जाच्या टायरवर, १७ इंचाचं स्टिअरिंग जास्त नेमकं लागतं या मतावर मी ठाम आहे. कारण तिथे साइडवॉलचे १२ मिमी हाताला कळतात. पावसाचं म्हणाल तर २० मिमी रुंदीपेक्षा खोबणीची खोली आणि हवा जास्त ठरवते. ३ मिमीच्या खाली गेलेला टायर मी पावसाळ्यात ठेवत नाही, कायद्यात १.६ चालत असलं तरी.

रबरवाला, एक विचारायचं होतं. चार चाकं १७ ची केली तर स्टेपनीला जुनं १६ इंची चाक चालेल ना? व्यासात अडीच मिमीचाच फरक आहे.

रबरवाला

चालेल. तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही, ऐंशीच्या आत चालवा आणि लवकर पंक्चर काढून घ्या. फक्त जुन्या चाकाला जुनेच गोल डोक्याचे बोल्ट लागतात. नवे शंकूवाले त्यात बसत नाहीत. पाच जुने बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खाचेत ठेवा. आणि बसवल्यावर मागे तीन माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, मोठ्या स्पीडब्रेकरवरून हळू नेऊन बघा. चाकाच्या कमानीतल्या आतल्या लायनरवर (प्लास्टिकच्या अस्तरावर) काळा चट्टा दिसला तर त्याच दिवशी परत दुकानात.