साखळी, काठी आणि चावणारा कुत्रा : त्याला शिकवायचे की धाकात ठेवायचे?

धागाकर्ती (आर्वी तालुका, जि. वर्धा)

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन बोजारा (सणाचा खाऊ-पैसे) मागायला आलेल्या एका मुलाची पोटरी आमच्या कुत्र्याने, काळूने, धरली. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली, मुलाची लस त्याच दिवशी सुरू केली, आणि काळूवर दहा दिवस नजर ठेवली तेव्हा तो ठणठणीत राहिला. चूक आमची होती, कारण सणाचा दिवस असताना फाटक उघडे होते. त्यानंतर मात्र जो येईल तो सल्ला देऊ लागला. एकाने सांगितले की साखळी आणखी आखूड करून दोन वेळ काठी दाखवा. दुसऱ्याने सांगितले की बंडीत (बैलगाडीत) घालून दूरच्या बाजाराच्या गावी सोडून या.

मी पहिल्यांदा नीट पाहिले ते कडुनिंबाखालची जमीन. पाच फुटांच्या साखळीने दीड वर्षात तिथे एक गोल कोरला होता आणि त्या गोलात गवताची काडी उरली नव्हती. पावसाळ्यात तिथेच चिखल, उन्हाळ्यात तिथेच धग, आणि फाटकातून येणारे प्रत्येक माणूस त्याच्याकडे तोंड करून येणार. पळून जाण्याची सोय नसलेल्या जनावराने अंगावर जाण्यापलीकडे करावे तरी काय?

मग मी काळूकडे पाहू लागले. मोटारसायकलचा आवाज आला की तो आधी तोंड मिटायचा, नंतर जिभेने नाक चाटायचा, मान एका बाजूला वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचा, मग त्याच्या पाठीवरचे केस उभे राहायचे आणि सगळ्यात शेवटी तो गुरगुरायचा. आम्ही नेमके गुरगुरण्यावर मारत आलो होतो. माराने त्याची भीती गेली नाही, फक्त आवाज गेला, आणि पोळ्याच्या दिवशी तो न गुरगुरता चावला. आता कळते की ते गुरगुरणे आपल्या उपयोगाचे होते आणि ते आम्हीच काढून घेतले.

पुढचे काम साधे असले तरी वेळखाऊ होते. काळूला लांब दोरीवर घेऊन मी फाटकापासून चाळीस पावलांवर बसायचे आणि माझे दीर मोटारसायकल घेऊन रस्त्यावरून जायचे. गाडी दिसली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा, गाडी दिसेनाशी झाली की अंडे बंद. गाडी आधी आणि अंडे नंतर, हा क्रम चुकला तर काही उपयोग होत नाही, कारण गाडी ही चांगल्या गोष्टीची वर्दी आहे हे त्याच्या अंगात मुरले पाहिजे. खाण्याआधी येणाऱ्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवले होते. आम्ही तेच भीतीच्या जागी वापरले. पाचव्या आठवड्यात मी घाई केली, एकदम पंधरा पावलांवर आणले आणि तो उसळला, तेव्हा पुन्हा तीस पावलांपासून सुरुवात करावी लागली. अकरा आठवड्यांनंतर तो बारा पावलांवर शांत बसतो. त्यापेक्षा जवळ अजून नाही.

आपल्याकडे गोऱ्हा कामाला लावताना त्याला पहिल्याच दिवशी भरल्या बंडीला कोणी जुंपत नाही. त्याला जुन्या, शांत बैलाच्या जोडीला लावतात, रिकामे जू खांद्यावर देतात, आणि भडकला तर त्या दिवसापुरते थांबतात. हे शहाणपण आपण बैलाला देतो आणि कुत्र्याला नाकारतो, म्हणून मी हा धागा काढला आहे. कुत्र्याला मारणे आणि दिवसभर आखूड साखळीवर ठेवणे या दोन्ही गोष्टी गावाने सोडाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे.

संत्रा बागायतदार (वरुड तालुका, जि. अमरावती)

ताई, तुम्ही घेतलेले कष्ट मी नाकारत नाही, परंतु तुमचा कुत्रा अंगणातला आहे आणि माझा बागेतला. संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत रात्री बागेत जागल करावी लागते. एकीकडे रानडुकरे आणि रोही (नीलगाई), दुसरीकडे विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेणारी माणसे. अनोळखी माणूस दिसला की अंडे मिळते असे शिकलेला कुत्रा माझ्या काय कामाचा? चोरसुद्धा मटणाचा तुकडा खिशात घालूनच येतो.

दुसरे असे की कुत्रा हे कळपाचे जनावर आहे आणि कळपाला नायक लागतो. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्या मळ्यावर कुत्री आहेत. त्यांना घरच्या माणसाचा धाक होता, म्हणून ती घरच्यांवर कधी उलटली नाहीत. काठी रोज चालवावी लागत नाही, पण ती कोपऱ्यात उभी आहे हे कुत्र्याला ठाऊक असावे लागते. आणि वेळेचे काय? कपाशीची वेचणी तोंडावर असताना, मजूर मिळत नसताना, अकरा आठवडे रोज रस्त्याकडेला बसणे कोणत्या शेतकऱ्याला जमणार आहे?

पशुवैद्यक (यवतमाळ जिल्हा)

दोघांच्याही लिहिण्यात एक पायरी सुटली आहे. वागणूक बिघडलेला कुत्रा समोर आला की मी आधी त्याला कुठे दुखते आहे का ते पाहतो. गेल्या वर्षी एक शेतकरी आपला कुत्रा घेऊन आला. पट्टा घालायला हात नेला की तो मालकालाच चावत होता आणि घरच्यांनी त्याला माजलेला ठरवून मारायला सुरुवात केली होती. पट्ट्याखालचे केस बाजूला केले तेव्हा बोटभर रुंदीची जखम निघाली. पिल्लू असताना घातलेला पट्टा कोणी सैल केलाच नव्हता आणि तो कातड्यात रुतत गेला होता. जखम भरली, पट्टा सैल केला, आणि चावणे थांबले. त्यात शिकवण्याचा भाग जवळजवळ नव्हता. कानातली पू, गोचिडांमुळे येणारा ताप, दुखरा सांधा यांतले काहीही कुत्र्याला चिडके करू शकते. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा टिनाच्या पत्र्याखाली बांधलेला कुत्रा दुपारभर नुसता धापत असतो, कारण त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्या वेळी त्याच्या तोंडाजवळ हात नेणारा माणूस चावा मागून घेतो.

एक गोष्ट अत्यंत गंभीरपणे सांगतो. शांत कुत्रा एक-दोन दिवसांत अचानक बदलला, कारण नसताना दिसेल त्याला चावू लागला, लाळ गाळू लागला, आवाज बदलला किंवा गिळताना अडखळू लागला, तर तो शिकवण्याचा विषय राहत नाही. रेबीजची शंका धरून त्याला दुरूनच वेगळा करावा, स्वतः हात लावू नये आणि ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

बागायतदार भाऊंच्या नायकाबद्दल. ही कल्पना बऱ्याच अंशी प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून पसरली आणि ते लांडगे कोंडलेले होते. अमेरिकेतील डेव्हिड मेक यांनी पुढे रानातल्या लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. नायकपणासाठी रोज मारामारी चालते हे चित्र रानात दिसत नाही. तेव्हा काठीचे समर्थन करायचे असेल तर लांडग्यांच्या नावाने करू नये. कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्याला मिरची चारणारेही मी पाहिले आहेत. त्याने पोटाची आग होते, राखण सुधारत नाही.

एक आई (गोंदिया जिल्हा)

माझी मुलगी सहा वर्षांची असताना शेजारच्या पाळीव कुत्र्याने तिच्या गालाला चावा घेतला. तो कुत्रा कोणाला काही करत नाही, असे त्याचे मालक आदल्या आठवड्यापर्यंत सांगत होते. जखम चेहऱ्यावर असल्याने लसीबरोबर जखमेभोवती रेबीजविरोधी सीरम द्यावे लागते, आणि ते जवळच्या दवाखान्यात नव्हते. रात्री भाड्याची गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. त्यानंतर तिसरा दिवस, सातवा दिवस आणि अठ्ठाविसावा दिवस, प्रत्येक वेळी एक मजुरी बुडाली. मुलगी आज अकरा वर्षांची आहे आणि शाळेत जाताना तो रस्ता टाळून धुऱ्याने (शेताच्या बांधावरून) जाते.

ताई, तुमचा काळू अकरा आठवडे शिकत होता, तेव्हा त्या अकरा आठवड्यांत तुमच्या फाटकासमोरून किती मुले गेली? कुत्र्याची भीती कशी कमी झाली ते तुम्ही पावले मोजून सांगितले, पण ज्याची पोटरी धरली त्या मुलाबद्दल एका वाक्यापलीकडे काही नाही. माझे म्हणणे असे की एकदा माणसाला चावलेला कुत्रा वस्तीत मोकळा दिसता कामा नये, मग तो शिकत असो की शिकलेला असो. शिकवणे ही मालकाची हौस असू शकते, पण तिचा धोका दुसऱ्याच्या लेकरावर टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

धागाकर्ती

आपला आक्षेप खरा आहे. त्या मुलाची प्रत्येक लस माझ्याच घरच्या गाडीने जाऊन झाली आणि त्याच्या आईचे बोलणे मी ऐकून घेतले, हे लिहायला हवे होते. तो मुलगा आता आमच्या दारावरून जाताना आईचा हात धरतो. ते मी रोज पाहते.

पहिल्या दिवसापासून काळू वस्तीत एकदाही मोकळा नव्हता. डवरणीच्या वेळी पीक खाऊ नये म्हणून बैलाच्या तोंडाला आपण मुसके बांधतो, तशी जाळीची टोपली त्याच्या तोंडाला असते. तिच्यात तोंड पूर्ण उघडून धापता येते आणि पाणी पिता येते. तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी उन्हात जिवावर बेतू शकते, म्हणून ती कोणी वापरू नये. जाळी अंगवळणी पडावी यासाठी आधी आठवडाभर तिच्यात दूधभात दिला. फाटकाच्या आत काटेरी झाकणाचे दुसरे फाटकही केले आहे, म्हणजे एक उघडे राहिले तरी दुसरे असते. हा सगळा खर्च दोन पोती सोयाबीनच्या आतला होता.

भाऊ, अंडे अनोळखी माणूस देत नाही, मी देते. दुसऱ्या कोणी जमिनीवर टाकलेले उचलायचे नाही हेही त्याला शिकवता येते. काळू अजूनही भुंकतो आणि ते मला हवेच आहे. चोराला पळवायला भुंकणे पुरते, दात लागत नाहीत. वेळेबद्दल म्हणाल तर मी रोज दहा मिनिटेच बसत होते. सांजेला दूध काढून झाल्यावरची दहा मिनिटे. सगळ्यात मोठा फरक तर अंड्याने पडलाच नाही. साखळी काढून कोठ्याच्या (गोठ्याच्या) मागे तारेचे कुंपण घातले, पहाटे वावरापर्यंत दोरीवर फिरवून आणू लागलो, तेव्हापासून त्याची झोप सुधारली आणि निम्मी चिडचिड तिथेच ओसरली.

ताडोब्याच्या कडेचा रहिवासी (भद्रावती तालुका, जि. चंद्रपूर)

आमच्याकडे प्रश्न आणखी वेगळा आहे. रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला दारात बोलावणे. माझा एक कुत्रा असाच गेला. सकाळी साखळी होती, पट्टा तुटलेला होता, आणि कोठ्यापासून नाल्यापर्यंत ओढत नेल्याची खूण होती. त्यानंतरचा कुत्रा रात्री घरात किंवा दार लागणाऱ्या खोलीत असतो आणि त्याची चिडचिडही कमी आहे, कारण रात्रभर ज्या वासाने तो घाबरत असे त्या वासात त्याला एकट्याला बांधून ठेवले जात नाही. जंगलाला लागून राहणाऱ्यांनी कुत्र्याला रेबीजबरोबर डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराची लसही द्यावी. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यात याच आजाराचा विषाणू सापडला होता, आणि आमच्या कुत्र्यांचे वाघाच्या रानात जाणे-येणे रोजचे आहे.

संत्रा बागायतदार

डॉक्टरांचे लांडग्यांबद्दलचे म्हणणे मी मान्य करतो. पट्ट्याची गोष्ट वाचून संध्याकाळी माझ्या दोन्ही कुत्र्यांच्या मानेत बोट घालून पाहिले. एकाचा पट्टा दोन भोके सैल करावा लागला. परंतु धाकाबद्दलचे माझे मत बदललेले नाही. बागेत रात्री एकटा असताना माझ्या एका हाकेसरशी कुत्रा थांबला पाहिजे, आणि ते केवळ लाडाने होते यावर माझा विश्वास नाही.

पशुवैद्यक

हाकेसरशी थांबणे शिकवता येते, आणि ते धाकाने शिकलेल्या कुत्र्यापेक्षा बक्षिसाने शिकलेल्या कुत्र्यात मला अधिक पक्के आढळले आहे, कारण धाक बसवणारा माणूस अंधारात शंभर हात दूर असतो. पिल्लू तीन ते बारा आठवड्यांचे असताना जी माणसे, जनावरे आणि आवाज पाहते त्यांना ते जन्मभर कमी घाबरते, म्हणून पुढचे पिल्लू आणाल तेव्हा त्याला पहिल्या दिवसापासून बागेत एकटे बांधू नका.

कायद्याचेही दोन्ही बाजूंनी लक्षात असू द्यावे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमात फार आखूड किंवा फार जड साखळीने बराच वेळ बांधणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हे गुन्हे आहेत. दुसरीकडे, आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

एक आई

दंडाने माझ्या मुलीचा रस्ता परत येत नाही. तरीही दोन फाटकांची गोष्ट मी आमच्या शेजाऱ्यांना आज वाचून दाखवणार आहे, कारण त्यांच्याकडे आता नवे पिल्लू आले आहे आणि ते आत्तापासूनच साखळीला आहे. ताई, एक विचारते. बारा पावलांवर तो शांत बसतो असे आपण लिहिले. आमची गल्ली आठ पावलांची आहे. तिथे काय करायचे?

धागाकर्ती

आठ पावलांच्या गल्लीत काळूसारखा कुत्रा शाळा सुटायच्या वेळी बाहेर आणूच नये; त्या वेळी तो मागच्या बाजूला, नजरेआड असावा. फाटकाला खालून दोन हात पत्रा लावला तर त्याला रस्ता दिसत नाही आणि मुलांनाही तो दिसत नाही. शेजाऱ्यांचे पिल्लू किती आठवड्यांचे आहे ते कळवा. बारा आठवड्यांच्या आतले असेल तर आपल्या मुलीने दुरूनच, आपल्या मांडीवर बसून, त्याच्याकडे भाकरीचा तुकडा टाकावा का, हे तिलाच विचारून ठरवा. ती नको म्हणाली तर टाकू नका.