बी विंगच्या झाडावरची घार

बी-७०३: सगळ्यांना नमस्कार. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाच्या जवानांनी आपल्या सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षावरून मांजात अडकलेली जी घार उतरवली, तिची खबर द्यायची आहे. काल बावधनच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात जाऊन आले. जखम भरली आहे, स्वतःहून खाते आहे. पण ती आता उडणार नाही.

सी-५०१: अरेरे. सात आठवडे आशेवर होतो. काहीच उपाय नाही का ताई? तुटलेल्या पिसांच्या जागी दुसरी पिसं बसवतात असं मी वाचलं होतं.

बी-७०३: बसवतात. पीस मधेच मोडलं असेल तर दुसऱ्या घारीचं गळालेलं पीस उरलेल्या पोकळ देठात काडी घालून चिकटवतात. पुढे पिसं झडली की तिथे नवं येतं. हिचं तसं नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पडदा असतो, त्यातून एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, जाते. पंख ताणलेला राहतो तो तिच्यामुळे. मांजाने नेमकी तीच कापली. डावा पंख अर्धाच उघडतो. मोठ्या पिंजऱ्यात तिला उडवून बघितलं, चार-पाच हात जाते आणि डावीकडे कलंडते.

बी-१०१: नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी दर जानेवारीला आपल्याच झाडांवर लोंबतो. राग येतो.

ए-२०४ नाना: ताई, मी एक विचारू? ती घार आपल्याकडे आणली तर? ए विंगच्या गच्चीवर पंपाच्या खोलीशेजारी जागा रिकामी आहे. जाळी मी माझ्या पेन्शनमधून लावतो. आमचा नातू रोज विचारतो तिच्याबद्दल. आपल्याच झाडावरची आहे, आपलीच जबाबदारी.

सी-५०१: माझा पाठिंबा. खाण्याचं आम्ही दोघं बघू.

डी-३०२: मनापासून सांगते, पाखराविषयी मलाही वाईट वाटतंय. पण गच्ची सामाईक आहे आणि आमच्या मजल्यावर बहुतेक घरं शाकाहारी आहेत. रोज मांस, त्याचा वास, कावळे... हे आमच्याकडून होणार नाही. गैरसमज नसावा.

सेक्रेटरी: दोन्ही बाजू समजल्या. पण आधी कायद्याचं बोलू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घार घरात किंवा सोसायटीत ठेवता येत नाही, जखमी असली तरीही. पक्षी सापडला की वनविभागाला कळवायचं, १९२६ वर फोन करायचा. पुढे तो कुठे राहील हे आपण ठरवायचंच नसतं.

ए-२०४ नाना: कायदा मान्य आहे हो. पण परवानगी मागता येत असेल ना? माया करणारी माणसं आहेत इथे.

बी-७०३: नाना, तुमच्या मायेबद्दल कुणालाच शंका नाही. मलाही काल तिला बघून घरी आणावंसं वाटलं होतं. म्हणून तिथल्या डॉक्टरांना अगदी हेच विचारलं. त्यांनी तासभर बसवून समजावलं, ते जमेल तसं लिहिते. मोठं होईल, पण वाचा सगळ्यांनी.

पहिली गोष्ट पायांची. घार दिवसाचा बराच वेळ हवेत असते. न उडणारी घार चोवीस तास पायांवर उभी. सिमेंटच्या कठड्यावर किंवा गुळगुळीत पाइपवर उभं राहून तळव्याला एकाच जागी दाब येतो, घट्टा पडतो, मग तिथे पू होतो आणि तो हाडापर्यंत जातो. पिंजऱ्यातल्या शिकारी पक्ष्यांचा हा नेहमीचा आजार. त्यासाठी कमीजास्त जाडीच्या, काथ्याच्या दोरीने गुंडाळलेल्या फांद्या लागतात, आणि हिच्यासाठी त्या पायऱ्यांसारख्या जवळजवळ, म्हणजे पडली तरी चालत वर चढेल. दर काही दिवसांनी कुणीतरी जाणकाराने पाय उचलून तळवे बघायचे. ते तुम्ही-मी करू शकत नाही, नखं हातात शिरतात.

दुसरं खाणं. नुसता खिमा किंवा चिकनचे तुकडे घातले तर हाडं ठिसूळ होतात, मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, जवळजवळ नसतोच. तिला हाडा-केसांसकट अख्खा उंदीर किंवा कोंबडीचं पिल्लू लागतं. न पचलेले केस-पिसं ती गोळा करून ओकून टाकते, ते तिच्या तब्येतीला हवंच असतं. ब्रेड, दूध, भात यातलं काहीही चालत नाही.

आणि तिसरं मला सगळ्यात जास्त लागलं. आपण जाळीशी गेलो की तिला आनंद होत नाही, भीती वाटते. ती गप्प बसते, पिसं अंगाशी चिकटवून घेते, आणि आपण म्हणतो माणसाळली. रोज शाळेतली मुलं, वाढदिवसाचे पाहुणे, मोबाइल... तिच्या दृष्टीने रोज कुणीतरी मारायला आल्यासारखंच.

ए-२०४ नाना: वाचलं. दोनदा वाचलं. इतकी वर्षं कुणाला बोललो नव्हतो, आज सांगतो. दहा वर्षांचा असताना गावी शिकऱ्याचं पिल्लू सापडलं होतं. दूध-भाकरी घातली, चोच उघडून पाणी पाजलं. नवव्या दिवशी गेलं. आई म्हणाली आयुष्य तेवढंच होतं. तसं नव्हतं, आज कळतंय.

बी-७०३: नाना, चोच उघडून पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? तुम्ही पोर होता.

सी-५०१: एक प्रश्न विचारायला जड जातंय. उडता येत नसेल आणि माणसाची भीती वाटत असेल, तर जगवायचं तरी का? त्यापेक्षा शांतपणे मरण देणं बरं नव्हे का?

बी-७०३: अजिबात चुकीचा प्रश्न नाही. डॉक्टर तो प्रत्येक पक्ष्याबाबत विचारतात आणि कित्येकदा उत्तर ‘हो’ येतं. पंख खांद्यापाशी कापावा लागला असता, तोल जाऊन सारखी छातीवर पडली असती, किंवा जाळीवर धडका देत राहिली असती, तर तिला ठेवली नसती. हिला वेदना नाहीत. दोन्ही पायांवर नीट उभी राहते, उन्हात जमेल तेवढे पंख पसरून बसते, पाण्याच्या परातीत अंघोळ करते. आणि मुख्य म्हणजे शेजारी दुसरी घार ठेवल्यावर जास्त खायला लागली.

म्हणून आता जागा शोधताना दुसऱ्या घारींची सोबत हवी आणि माणसांची वर्दळ नको, एवढंच बघितलं. जिल्ह्याबाहेर एका केंद्रात अशाच न उडणाऱ्या घारींचं कायमचं दालन आहे, लोकांसाठी बंद. बावधनला कायम ठेवणं कठीण, आता उन्हाळ्यात तहानेने पडलेले पक्षी आणि घरट्यातून पडलेली पिल्लं यांची रीघ लागते. वनविभागाचं परवानगीपत्र आलं आहे.

डी-३०२: आम्हाला काय करता येईल? मांसाचं सोडून काहीही सांगा.

बी-७०३: काथ्याची दोरी हवी आहे. प्लास्टिकची किंवा नायलॉनची नको. आणि दालनाला नवी जाळी.

डी-३०२: जाळीचा खर्च आमच्या मजल्याकडून. दोरी मी स्वतः आणते.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी सात वाजता झाडांवरचा मांजा काढायचा कार्यक्रम ठेवतोय. लांब काठी आणि शिडी ऑफिसातून मिळेल. काढलेला मांजा तसाच कचऱ्यात टाकू नका, कात्रीने बारीक तुकडे करून पिशवीत बांधा. नाहीतर कचरा डेपोवर पुन्हा तोच पक्ष्यांच्या पायात अडकतो.

बी-१०१: बी विंगच्या पर्जन्यवृक्षाला हात लावू नका. वरच्या बेचक्यात घरटं आहे, दुसरी घार त्यावर बसलेली मी आज सकाळीच पाहिली. वनविभागाला विचारून, पिल्लं उडाली की मग.

सेक्रेटरी: नोंद घेतली. ते झाड वगळलं.

ए-२०४ नाना: ताई, ती कधी निघणार?

बी-७०३: बुधवारी पहाटे, ऊन तापायच्या आत. अंधाऱ्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून. तुम्हाला यायचं असेल तर पावणेपाचला खाली या, माझ्या गाडीतून जाऊ. फक्त खोका उघडून बघता येणार नाही, आधीच सांगते.

ए-२०४ नाना: येतो. नातवालाही आणतो. लांब उभे राहू, बोलणार नाही.