जुनी हार्ड डिस्क इतक्यात भंगारात नको
"एसएसडी टाकली की जुनी हार्ड डिस्क भंगारात द्या, बॅकअपलाही दुसरी एसएसडीच घ्या" हा सल्ला निम्माच पटला. (एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क.) विंडोज एसएसडीवरच हवं, त्यात वाद नाही. साध्या साटा जोडणीची (जुन्या, नेहमीच्या पद्धतीची) एसएसडीसुद्धा सेकंदाला 550 एमबीपर्यंत वाचते, फिरती हार्ड डिस्क शंभराच्या आसपास रडतखडत. पण महिनोन्‌महिने कपाटात पडून राहणाऱ्या बॅकअपला एसएसडी नको, निदान आपल्या खानदेशात तरी.

एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि उष्णतेने तो लवकर झिरपतो. जेडेक या चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीसाठी, तिच्यावर पुन्हापुन्हा लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावर, वीज नसताना 30 अंशाला एक वर्ष एवढीच हमी धरली आहे. भुसावळला मे महिन्यात पारा 45 ओलांडतो, पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल बोला! (नवीकोरी लगेच पुसली जात नाही, घाबरू नका.) मी जळगावच्या गोलाणी मार्केटातून यूएसबी 3.0 ची केस (डिस्क बाहेरून जोडायची डबी) आणली, झाकण सरकवून जुनी डिस्क पिनांवर दाबून बसवली, लग्नाचे फोटो आता तिच्यावर. फक्त आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये तिची तब्येत बघा. पिवळा रंग, म्हणजे धोक्याचा इशारा, दिसला तर मग खुशाल भंगारात द्या.