विषय: आनंदीबाई जोशी यांची मूळ कागदपत्रे

आनंदीबाईंविषयी चरित्रांपलीकडे काही हाती लागत नाही, असे म्हटले जाते; पण त्यांची मूळ कागदपत्रेही पाहता येतात. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या 1886 मध्ये पदवीधर झाल्या, त्याचे दप्तर आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तिथे शोधताना आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी दोन ‘ई’ (Joshee) घालावेत, कारण त्या काळच्या नोंदी तशाच आहेत.

1883 चा त्यांचा प्रवेशअर्ज आवर्जून वाचावा. आपल्या देशभगिनी पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून आपण आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आलो आहोत, हे अठरा वर्षांच्या मुलीने इतक्या ठामपणे लिहिलेले पाहिले की मन भरून येते.

छायाचित्रांच्या मथळ्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. त्याच महाविद्यालयातल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्यासोबतच्या प्रसिद्ध छायाचित्रावर ऑक्टोबर 1885 ही तारीख आहे, पण खाली तिघींनाही ‘डॉक्टर’ म्हटले आहे. वास्तविक तेव्हा एकीलाही पदवी मिळालेली नव्हती आणि आनंदीबाईंचे गाव म्हणून दिलेल्या श्रीरामपूरचे (बंगालमधल्या) नावही तिथे चुकीचे पडले आहे. म्हणजे मथळा बहुधा नंतरचा असावा, आणि तो छायाचित्रापासून वेगळा पुरावा म्हणूनच तपासायला हवा.