हरणशिकारी आणि फासेपारधी: एकच समाज की दोन?

प्रश्न (अथणी तालुका, बेळगाव जिल्हा, कर्नाटक)

नमस्कार. मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावाबाहेरच्या वस्तीतील एका मुलीच्या दाखल्यावर जात 'हरणशिकारी' अशी नोंदली आहे, तर महाराष्ट्रातील जत तालुक्यात राहणाऱ्या तिच्या सख्ख्या मामांच्या कागदांवर 'फासेपारधी' असे आहे. दोन्ही घरांत एकच बोली बोलतात. गावातील कन्नड भाषक वृद्ध त्यांना 'चिगरी बेटेगार' म्हणतात, त्यामुळे गोंधळात भरच पडते. हा समाज एकच आहे का, आणि मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी मामांचे कागद जोडून उपयोग होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निपाणी)

सर, समाज एकच आहे. वेगळी आहेत ती शेजाऱ्यांनी ठेवलेली नावे. पारध म्हणजे शिकार, आणि ती फासे लावून करणारे ते फासेपारधी. कन्नडमध्ये 'चिगरी' म्हणजे काळवीट आणि 'बेटेगार' म्हणजे शिकारी, म्हणजे हरणशिकारी आणि चिगरी बेटेगार यांत भाषेपलीकडे काही फरक नाही. याच समाजाच्या 'अडविचिंचेर' या आणखी एका नावातील 'अडवी' म्हणजे रान. त्यांची बोली मात्र मराठीचीही नाही आणि कन्नडचीही नाही. ती गुजरातीला जवळची असून अभ्यासक तिला भिल्ली गटात धरतात.

पारध्यांमध्ये धंद्यावरून पोटभेद पडले. चित्ता पाळून काळविटाची शिकार करणारे चित्तापारधी संस्थानिकांच्या पदरी असत, तर टाकणकार जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरत. (आमच्या आजीला जात्याला टाकी लावणारा दारावर आल्याचा कोण आनंद होई, कारण बोथट जात्यावर दळताना खांदे भरून येत.)

दोन राज्यांच्या कागदांचा घोळ त्या मानाने अलीकडचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव, विजापूर आणि धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यातच होते. त्याआधीची एक नोंद अधिक जड आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत पारध्यांसारख्या अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्यात आले आणि काहींना तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवण्यात आले. हुबळी आणि गदग येथील त्या जागांना लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिली चौकशी वस्तीवरच होते, हे आपण सारे पाहतो.

उत्तर २ (बेळगाव, वकिली करतो)

कर्नाटकच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, अडविचिंचेर, फासेपारधी आणि हरणशिकारी ही नावे एकाच नोंदीत आहेत. त्यामुळे 'हरणशिकारी' लिहिल्याने काही बिघडत नाही. ते बदलून 'फासेपारधी' करण्याच्या खटपटीत पडू नये. मामांचे कागद मात्र मुख्य आधार ठरणार नाहीत, कारण जात सामान्यतः वडिलांकडून पाहिली जाते. शिवाय यादी राज्यानुसार असते: महाराष्ट्रात जमातीचा असलेला माणूस कर्नाटकात आला, म्हणून त्याला येथील सवलती आपोआप मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केले आहे. वडिलांच्या घराण्याचे या भागातील वास्तव्य, शक्यतो ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे (त्या दिवशी जमातींची यादी जाहीर झाली), दाखवणारी शाळेची किंवा महसुलाची जुनी नोंद शोधा.

उत्तर ३ (चिक्कोडी तालुका)

मी याच समाजातला आहे. जुन्या नोंदीचे वकीलसाहेबांनी सांगितले ते बरोबरच, पण आमचे पूर्वज पावसाळ्यापुरते एका जागी पाल ठोकत आणि बाकीचे आठ महिने माळावर असत. त्यांच्या नावाची महसुली नोंद कोठून सापडायची? आमच्या घरचे काम आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधील एका ओळीवर झाले.

फाशांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आजोबांची पिशवी अजून खुंटीला आहे. लांब दोरीला वीतभर अंतराने बांबूच्या खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला घोड्याच्या शेपटीच्या केसांचा पीळ दिलेला फास. हरणासाठी तात, म्हणजे जनावराच्या आतड्याची चिवट दोरी, वापरत, कारण केसांचा फास काळवीट तोडून टाकतो. तित्तिरासाठी बांधाच्या कडेने, गवतात दिसणार नाही अशी ही ओळ लावायची आणि पलीकडे कामट्यांच्या पिंजऱ्यात पाळलेला तित्तीर ठेवायचा. तो आरवला की रानातला नर आपल्या हद्दीत कोण आला म्हणून चिडून धावत येई आणि पाय फाशात अडके. हरणाकडे मात्र शिकवलेल्या बैलाच्या आडून, त्याच्या पावलाला पाऊल जुळवत जावे लागे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हे सारे गुन्हा ठरले, आणि तो कायदा असायलाच हवा, असे मला वाटते. पण आमच्या वडिलांना शिकारीखेरीज दुसरे काही येत नव्हते आणि जमीन तर कधीच नव्हती.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. मुलीचे आजोबा दोन इयत्ता शिकले होते, असे आज तिच्या वडिलांकडून कळले. शाळा गावातलीच होती आणि तिची जुनी रजिस्टरे आमच्याच कार्यालयातील पत्र्याच्या पेटीत आहेत. सोमवारी ती उघडतो.